हाताच्या जागी उजेड

औषधांच्या दुकानातल्या मुलीनं विचारलं, “बाळ केवढं आहे?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “साठ वर्षांचं.” ती आधी गोंधळली, मग हसली. “मग आता त्याला नाक शिंकरायला शिकवा, आजी,” म्हणाली आणि बाळाचं नाक साफ करायचा रबराचा निळा फुगा कागदी पिशवीत घालून तिनं माझ्यापुढं सरकवला. मीही हसले. पण दुकानाची पायरी उतरल्यावर मी नदीकाठच्या कठड्याला टेकून उभी राहिले. याच दुकानातून मी असाच एक फुगा पूर्वी घेतला होता. काउंटरमागं तेव्हा या मुलीची आजी असायची, आणि तो फुगा तांबडा होता. तो वापरायची वेळ आली नाही. माझ्या लेकीचं, इनेसचं, नाक शेवटपर्यंत स्वच्छ होतं; दुखणं खाली छातीत होतं, जिथं कुठलाच फुगा पोचत नाही. खाली तोमेबांबा दगडांवरून आवाज करत चालली होती. पलीकडच्या उतारावर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या, त्यातली एक वाऱ्यानं उलटून हिरव्या गवतावर पांढरी पालथी पडली होती. मी पिशवीत हात घालून फुगा एकदा दाबला. त्यानं माझ्या तळहातावर एवढासा श्वास सोडला. मी तो पुन्हा दाबला नाही.

फुगा माझ्या भाचीनं, नोर्मानं, सांगितला होता. ती दूर परदेशात, क्वीन्समध्ये राहते, दुसऱ्यांच्या दातांचे साचे बनवते, आणि दर रविवारी फोनवर मला रागावते. स्कॅनर तिनंच पाठवला, शेजारच्या ओरेयानांच्या सुनेबरोबर, दोन जाड कोटांत गुंडाळून. “आत्या, आजोबांची ती पेटी बुरशीनं खाऊन जाईल. तुम्ही नुसत्या जपमाळ ओढत बसा.” मी म्हटलं, “जपमाळ ओढून झाली की बसेन गं मशीनपुढं.” “आणि हे बघा, निगेटिव्ह कापडानं पुसायची नाही. तोंडानं फुंकायची नाही, थुंकी उडते. बाळांच्या नाकाचा तो फुगा असतो ना, तो आणा.” असतो ना, ती सहज म्हणाली. तिला इनेस माहीत नाही. म्हणजे नाव माहीत आहे, भिंतीवरच्या क्रुसाखाली लिहिलेलं.

पेटी बिस्किटांची, पत्र्याची. माझ्या वडिलांचा, मोइसेस बेर्मेओंचा, स्टुडिओ याच घराच्या खालच्या मजल्यावर होता. आता तिथं मोबाइल दुरुस्त करणारा बसतो. वडील गेल्यावर आईनं कॅमेरा विकला, पडदे विकले, रंगवलेला तलाव आणि हंस असलेली ती लाकडी चौकटसुद्धा विकली, पण पेटी ठेवली. त्यातल्या फिल्मा मी लहानपणापासून खिडकीशी धरून पाहायची. काळ्या चेहऱ्यांच्या नवऱ्या, पांढऱ्या केसांची पोरं, डोळ्यांच्या जागी दिवे. मला त्यांची भीती वाटायची नाही. मला वाटायचं, हे लोक वाट पाहताहेत, कशाची ते त्यांना सांगितलेलं नाही. स्कॅनरच्या चौकटीत पहिली फिल्म बसवली, झाकण लावलं, आतून उजेड सरकत गेला, आणि पडद्यावर वरून खाली, जशी चादर कुणी हळू ओढावी तशी, पहिल्या कम्युनियनची, पहिल्यांदा प्रसाद घेणारी एक मुलगी उघडी झाली. टाळू, भुवया, मग डोळे. आणि त्या डोळ्यांनी ती माझ्याकडं पाहत होती. मी नकळत म्हटलं, “ये.” शेवटच्या दिवशी, मेलेले उठतील तेव्हा, असंच होणार असेल. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं, आणि प्रत्येकाचा चेहरा ज्याचा त्याला परत. लहानपणी धर्माच्या प्रश्नोत्तरीच्या वर्गात मला हे कधी कळलं नाही आणि आता या करड्या डब्यापुढं बसून कळत होतं. त्या दुपारी मी पाच-सहा माणसांना उठवलं असेल. त्यांतले सगळे मेलेले होते आणि सगळे टवटवीत होते, कॉलर दाबून बसलेले, केसांना पाणी लावलेले. मग मी हात धुतले. का धुतले ते सांगता येत नाही. मेणबत्तीला हात लावल्यावर धुते तसे.

माझं रोजचं साधं असतं. उठल्यावर कुणाशी बोलायचं नाही, काही खायचं नाही. आधी उतारावरून सान खासिंतोच्या चॅपेलात जायचं, हाताच्या मातेच्या मूर्तीपुढं उभं राहायचं आणि तिच्या पसरलेल्या तळव्यात माझी दोन बोटं ठेवायची. प्रार्थना एकच, छोटी. मग बोटं काढायची, क्रूस करायचा, आणि बाहेर आल्यावर दारातल्या पाववाल्या बाईला पहिला शब्द द्यायचा. ती गमतीनं म्हणते, “बघा, हिचं कोरं तोंड मीच रोज उघडते.” बुधवारी नुसतं पाणी. इनेसला पुरून आल्यावर मी हे धरलं आणि मग ते सुटलं नाही, किंवा त्यानं मला सोडलं नाही. नवरा होता तोवर तो म्हणायचा, “तुझी ती माता, तिला तरी तू झोपू देतेस का?” तो गेला, आणि व्रतात त्याचीही प्रार्थना मिसळली, पण तळव्यात बोटं ठेवायची ती इनेससाठीच. त्या दिवशी स्मशानातून मी घरी न जाता चॅपेलात गेले होते, चिखलाच्या बुटांनी. सगळ्यांचे हात माझ्या खांद्यावर, पाठीवर, डोक्यावर होते, आणि मला ते कुणाचेच नको होते. माता मात्र हात पुढं करून नुसती उभी होती. ती धरत नव्हती. धरायला हात देत होती. मी बोटं ठेवली तेव्हा तळवा कोमट लागला. मेणबत्त्यांनी असेल. मी कधी विचारलं नाही.

हा हात कसा आला ते आमच्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ असतं. जुनी माता आगीत गेली, मी पाच वर्षांची असताना. पडद्याला मेणबत्ती लागली आणि सकाळी फक्त चांदीचा मुकुट उरला, वितळून ताटलीसारखा झालेला. जुन्या मातेचा फोटो एकच होता, माझ्या वडिलांनी आगीच्या थोडं आधी काढलेला. त्यात ती झग्यात, झालरीत, पायघोळ आच्छादनात उभी आहे, आणि उजवा हात लोकांकडं पसरलेला आहे. पण हात नीट दिसत नाही. वरच्या झरोक्यातून आलेलं ऊन नेमकं त्या हातावर पडलं आणि हाताच्या जागी नुसता उजेड आला. जुन्या म्हाताऱ्या म्हणायच्या, ती नेहमी दोन्ही हात छातीशी जोडून असायची, हा हात तिनं त्याच दिवशी पुढं केला, जायचं होतं म्हणून. पाद्रींनी फोटो उत्तरेला सान आंतोनियो गावच्या मूर्तिकाराकडं पाठवला आणि सांगितलं, हात असाच हवा. त्यानं सीडरच्या लाकडात अखंड मूर्ती केली, तळवा वर, बोटं किंचित वाकलेली. तेव्हापासून ती हाताची माता. ज्यांची मुलं राहिली नाहीत अशा बाया त्या तळव्यात काहीबाही ठेवतात: दुधाचा दात, लोकरीचा मोजा, हॉस्पिटलचा मनगटाचा पट्टा. आणि तो फोटो प्रत्येक स्वयंपाकघरात, चुलीच्या धुरानं पिवळा पडलेला, हाताच्या जागी उजेड.

या वर्षी नव्या मातेला साठ वर्षं होतात म्हणून चॅपेलाच्या मंडळाचे प्रमुख सेन्योर पेराल्ता जिना चढून वर आले. बँकेतून निवृत्त माणूस, पण आवाज अजून काउंटरवरचा. “तार्खेलिया, निगेटिव्ह सापडली म्हणतात! चॅपेलाच्या दारावर लावायचाय फोटो. दरवाजाएवढा! तुझे वडील स्वर्गात छाती फुगवून फिरतील, देवदूतांना वाट मिळायची नाही.” मी त्यांना कॉफी दिली. ते म्हणाले, “फक्त हाताजवळचा तो पांढरा डाग बघ. छापणारा म्हणतो, एवढा मोठा केला की भोक पडल्यासारखा दिसेल.”

“तो डाग नाही, सेन्योर पेराल्ता.”

“बरं बाई, उजेड. तुझा उजेड जरा कमी कर. शुक्रवारपर्यंत दे म्हणजे झालं.”

ते गेल्यावर मी जपमाळ संपवली, हात धुतले आणि फिल्म चौकटीत ठेवली. तळहाताएवढी, जाडसर फिल्म, एका कोपऱ्याला वडिलांच्या चिमट्याचा ओरखडा. निगेटिव्हमध्ये जिथं फार उजेड पडलेला असतो तिथं सगळ्यात काळं असतं; मातेचा हात त्या फिल्मवर कोळशासारखा होता. मी फुग्यानं धूळ उडवली, झाकण लावलं. नोर्मानं शिकवलं होतं, काळ्या जागेतून मशीनला जास्त उजेड पाठवायला लावायचं, पुन्हा पुन्हा, आणि मग पडद्यावरची उजेड कमी-जास्त करायची पट्टी हळूहळू ओढायची. मी ओढली. आधी काही नाही. पांढऱ्यात पांढरं. मग बाहीची झालर आली, तिचे एकेक टाके. मग तळवा, जुना तळवा, मी कधी न पाहिलेला, आमच्या मातेच्या तळव्यापेक्षा लहान, करंगळीचं टोक तुटलेलं. मी सहा दशकांच्या उन्हातून आत पाहत होते. वडिलांच्या कागदाला ते ऊन पेललं नव्हतं, मूर्तिकाराला ते दिसलं नव्हतं, पण फिल्मनं सगळं धरून ठेवलं होतं, एवढ्या काळ्यात, कुणी मागेपर्यंत. मी पट्टी आणखी थोडी ओढली. आणि मनगटाखाली, झालरीच्या सावलीत, बोटं होती. चार. लाकडाची नव्हती. नखं कापलेली, एकाच्या कडेला चीर पडलेली. ती मनगटाला खालून धरून होती. मधल्या बोटावर काहीतरी चकाकत होतं, आणि मी चित्र मोठं केलं तेव्हा त्या चकाकीला बारीक बारीक खळगे दिसले. शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ते अंगुस्तान.

मी खुर्चीवरून उठले. प्रसादाची पेटी उघडतात तेव्हा उठतात तशी. आधी जे मनात आलं ते लिहायला संकोच वाटतो, पण क्षणभर मला वाटलं, ही तिची आहेत, तिला आणखी एक हात आहे आणि तो आपल्याला आजवर दाखवलेला नाही. मग अंगुस्तान पुन्हा पाहिलं. देवदूत शिवणाला बसत नाहीत. आच्छादनाच्या घडीआड कुणीतरी बाई होती. वाकून, लपून, मातेचा हात वर धरून. म्हणजे हात मातेनं पुढं केलेला नव्हता. खाली रस्त्यावरून खडखडत बस गेली. मोबाइलवाल्यानं रेडिओ लावला. मी पडद्यापुढं तशीच उभी होते, आणि मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटत होत्या, ज्या एका माणसात मावायला नकोत. एक, की याहून मोठं मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. दुसरी, की माझ्या पायाखालची फळी कुणीतरी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी बुधवार. मी उतारावरून गेले, बोलले नाही. मातेपुढं उभी राहिले, तळव्यातला कुणाचा तरी मोजा हलकेच बाजूला केला आणि बोटं ठेवली. लाकूड लागलं. इतक्या वर्षांत मला ते लाकूड लागलं नव्हतं. गुळगुळीत, वार्निशचा चिकटपणा, बोटांच्या घर्षणानं मधोमध खोलगट झालेलं. मी प्रार्थना सुरू केली आणि अर्ध्यात मला माझाच आवाज डोक्यात ऐकू आला, रिकाम्या खोलीत ऐकू येतो तसा. मी कुणाशी बोलत होते? आड लपलेल्या एका बाईच्या हाताच्या ठेवणीशी, तिची नक्कल करणाऱ्या सुताराशी, नेमक्या वेळी झरोक्यात आलेल्या उन्हाशी? इनेसला मी कुणाच्या तळव्यात ठेवून आले? मला आठवलं, ती गेली त्या दिवशी तिची मूठ उघडेना. नर्सनं एकेक बोट सोडवलं, आत माझ्या शालीचा एक धागा होता. मी बोटं तळव्यातून काढली, क्रूस केला. व्रत मोडलं नाही. पण दारात पाववाल्या बाईनं हाक मारली तेव्हा मला शब्द सापडेना, आणि तिनं माझ्याकडं पाहून हातातला पाव खाली ठेवला.

त्या काळी मातेचा शृंगार करणाऱ्या बायकांपैकी एकच उरली होती, निन्या ब्लासिना. लग्न न झालेल्या बाईला आमच्याकडं मरेपर्यंत निन्या म्हणतात, पोरगी. ही पोरगी नव्वदीला आली होती आणि तिचे डोळे गेले होते. शृंगाराचे नियम मला ठाऊक होते. दार लावून घ्यायचं. पुरुष नको. आणि कपड्यांखाली काय आहे ते बाहेर बोलायचं नाही. जुन्या मूर्तीला फक्त चेहरा आणि हात असायचे, बाकी आत काठ्यांचा सांगाडा, आणि हात खांद्याशी खुंटीवर हलायचे; हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कुणी म्हणायचं नाही. तिच्याकडं जाताना मी सोबत काही नेलं नाही. तिला काय दाखवणार?

“कोण? तार्खेलिया? पाय पुसून ये, लादी आताच पुसलीय.” ती अंगणाकडच्या खिडकीत, गुडघ्यांवर लोकरीची शाल घेऊन बसली होती. “बुधवार आहे, तू काही खाणार नाहीस. मठातलं फुलांचं पाणी आहे, ते घे. ते पाणीच धरतात, मी सिस्टरना विचारलंय.”

मी ओतून घेतलं. लाल, थंड, गुलाबाचा वास. ती म्हणाली, “बोल. तू गप्प बसलीस की मला वाटतं तू गेलीस.”

“निन्या, मी जुन्या मातेचा फोटो मशीनवर घेतला. हाताच्या जागी उजेड आहे ना, तो कमी केला.”

“मग?”

“खाली बोटं आहेत.”

तिचा चेहरा हलला नाही. “किती?”

“चार.”

“आणि?”

“मधल्या बोटात अंगुस्तान.”

“हात् मेले!” ती म्हणाली आणि हसायला लागली, दात नसलेलं, पोट हलवणारं हसू. “काढायचं राहिलं! बाही टाचत होते आणि तुझ्या बापानं घाई केली, ऊन जाईल, ऊन जाईल. मी म्हटलं, मोइसेस, देवाचं ऊन तुझ्या घड्याळावर चालतं का?” मग तिनं डोळे पुसले. “एवढी वर्षं मी त्या फोटोपुढं उभी राहायची आणि म्हणायची, बरं झालं ऊन आलं, माझा वेंधळेपणा झाकला.”

मग तिनं सांगितलं. उजव्या हाताची खुंटी किड्यानं खाल्ली होती, हात छातीशी राहीना, लोंबायचा. मेलेल्यासारखा दिसायचा, म्हणाली. फोटो तर काढायचाच होता. मग ती सगळ्यात बारीक म्हणून तिला आच्छादनाखाली घातलं. आत काठ्या, धूळ, उंदरांचा वास, आणि डोक्यावर मखमलीचं वजन. ती हात छातीशी धरायची, तो हळूहळू पुढं यायचा. तिचा दंड भरून आला. हात पुढं पुढं येत बाहेर गेला, आणि बाहेरून मोइसेस ओरडला, “तिथंच! तिथंच राहू दे! आता हलू नकोस!” आणि त्यानं कॅमेऱ्याचं झाकण काढलं. अंधार्‍या चॅपेलात फोटो लवकर उठत नसे. त्याला बराच वेळ लागायचा.

“म्हणजे ती आपल्याकडं हात पसरते,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मला ओळखू आला नाही, “ते तुमचा दंड दुखत होता म्हणून.”

“हो.”

“मी रोज त्यात बोटं ठेवते, निन्या. इनेस गेल्यापासून.”

“माहितीय. मी तुला बघायची, डोळे होते तोवर.” ती शालीची झालर चाचपत राहिली. “ते पेराल्ता दारावर लावणार म्हणे तो फोटो?”

“दरवाजाएवढा.”

“मग माझी बोटं केवढी होतील?”

“पावाएवढी.”

“अरे देवा.” पुन्हा थोडं हसू, मग नाही. “पुसून टाक पोरी. तुझ्या मशीनला येत असेल ना?”

येत होतं. नोर्मानं तेही शिकवलं होतं. शेजारचा रंग उचलायचा आणि वर फासायचा, मिनिटाचं काम. मी म्हटलं, “शपथ आहे म्हणून? आतलं बाहेर सांगायचं नाही म्हणून?”

“शपथ घेतलेल्या सगळ्या मेल्या. मला एकटीला कोण विचारतंय.” तिनं मान हलवली. “खोटं दिसेल म्हणून. लोक म्हणतील ब्लासिनानं धरला. मी धरला होता, आधी. सुरुवातीला. मग मला धरवेना. माझे डोळे मिटले, कानात वाजायला लागलं, मी मनात म्हटलं, आता सुटतोय, माफ कर, सुटतोय. आणि तार्खेलिया...” तिनं आवाज खाली आणला, जणू अंगणातल्या कोंबड्या ऐकतील. “सुटला नाही. हलका झाला. एकदम. माझी बोटं तिथंच होती, पण त्यांच्यावर काही नव्हतं. पाण्यात एखाद्याला धरतो ना आपण, पोहायला शिकवताना, तसं. मी आत अंधारात तशीच बसले. मग त्यानं झाकण लावलं आणि म्हणाला, झालं. आणि त्यासरशी वजन परत आलं, मी खाली बसले. बाकीच्या म्हणाल्या, काय गं, चक्कर आली का? मी हो म्हटलं. पाद्रीला सांगितलं नाही. तुझ्या बापालाही नाही. काय सांगणार? काठ्यांमध्ये बसून मला काय कळलं ते?”

अंगणातल्या कापुलीच्या झाडावर वारा आला आणि काही फळं टपटप पडली. माझ्या हातातल्या पेल्यातलं पाणी लाल होतं आणि अगदी स्थिर. मी तिच्यावर विश्वास ठेवला का, असं कुणी विचारलं तर मी एवढंच म्हणेन की तिचं ऐकताना माझ्या दोन बोटांना काहीतरी झालं, रोज सकाळी व्हायचं ते. लाकडाच्या आधी व्हायचं ते. कोमट. कुणीतरी धरलं नव्हतं; कुणीतरी धरायला दिलं होतं. आणि ते मूर्तीच्या आत नव्हतं, बाहेरही नव्हतं, थकलेल्या एका शिवणारणीच्या बोटांच्या थोडंसं वर होतं, जिथं तिची ताकद संपते तिथं. तेवढ्या जागेचा फोटो कुठल्याच फिल्मवर येत नाही. बोटं मात्र येतात. बोटं पुसली तर ती जागा कुठं आहे ते कुणाला कळणार?

“मी पुसणार नाही, निन्या,” मी म्हटलं. मी कुणाला नाही म्हणत नाही; माझं मलाच नवल वाटलं.

“ऐकत नाहीस म्हातारीचं.”

“नाही.”

“खोटं दिसेल गं.”

“तुम्ही धरला होता ते खोटं नाही. पुढचं मी विचारणाऱ्यांना सांगेन, तुम्ही सांगू दिलंत तर.”

मला वाटलं रागावली. मग तिनं शाल बाजूला सारली, उजवा हात बाहेर काढला. “तुला नीट समजलेलं नाही. दाखवते, मग ठरव. मी अशी वाकलेली. पाठ भिंतीला. आणि हात असा.” तिनं हात पुढं उचलला, तळवा वर, बोटं एकत्र, जणू वर काहीतरी ठेवलेलं आहे. लोकरी जॅकेटची बाही मागं सरली. दंड वाळलेल्या काठीसारखा होता आणि तो थरथरायला लागला. “असा. बघतेस ना? आणि तुझा बाप बाहेरून, हलू नकोस, हलू नकोस.” तिचे न दिसणारे डोळे मिटले. कपाळावर आठ्या आल्या. ती खाली घेईल म्हणून मी थांबले, पण ती खाली घेत नव्हती, तिला मला काहीतरी दाखवायचं होतं आणि ते यायला वेळ लागत होता. हात हळूहळू खाली यायला लागला. ओठ हलत होते. मी पेला जमिनीवर ठेवला, तिच्याशेजारी गुडघे टेकले, आणि तिच्या कोपराखाली, लोकरीच्या जाड घडीखाली, माझा हात नेला. किती कमी वजन होतं. पक्ष्याएवढंही नाही. तिला कळलं की नाही मला माहीत नाही. लोकर जाड होती. थरथर थांबली. तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या, आणि चेहरा वरून खाली उघडत गेला, पडद्यावर त्या मुलीचा उघडला होता तसा.

“हं,” ती म्हणाली. “हे बघ. असंच. अगदी असंच हलकं झालं होतं.”

मी हलले नाही.